मेंदूतला रक्तस्राव आणि बाहुलीची साक्ष

मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला दवाखान्यात आणले की पहिल्या काही मिनिटांतच डॉक्टर त्याच्या पापण्या उघडून डोळ्यांत टॉर्च मारतात. व्हरांड्यात थांबलेल्या नातेवाइकांपर्यंत त्यातले एकच वाक्य पोचते: ‘प्युपिल डायलेट झालेत’, म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या पसरल्या आहेत. बहुतेक घरांत हे वाक्य निकालासारखे ऐकले जाते आणि लगेच ‘आता घरी नेऊ या’ अशी भाषा सुरू होते. उलट ‘प्युपिल नॉर्मल आहेत’ असे कळले, की तीच माणसे सकाळपर्यंत थांबायला तयार होतात. हे दोन्ही निष्कर्ष चुकू शकतात, आणि दोन्ही चुका जिवावर बेततात.

टॉर्चच्या जागी आता यंत्रही आले आहे. डोळ्याची बाहुली किती मिलिमीटरची आहे, उजेड पडल्यावर ती किती आकसते आणि किती वेगाने, हे सारे ते आकड्यांत सांगते. त्या आकड्यांवरून रक्तस्रावाची तीव्रता कितपत ओळखता येते, आणि कुर्डुवाडीसारख्या गावाला त्यातले काय उपयोगाचे आहे, याचा हा आढावा.

अंतराचा हिशेब

कुर्डुवाडी हे माढा तालुक्यातले रेल्वेचे जुने जंक्शन. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी इथून सुटू लागली, तेव्हा स्टेशनचे नाव ‘बार्शी रोड’ होते. पंढरपूर, लातूर, मिरज, सोलापूर, पुणे अशा सगळ्या वाटा इथे मिळतात. तरीही मेंदूतल्या रक्तस्रावाच्या वेळी हे गाव दूरच पडते. सीटी स्कॅन, मेंदूचे सर्जन आणि व्हेंटिलेटरचा आयसीयू एकाच छताखाली हवे असतील, तर बहुधा सोलापूरला सुमारे ८० किलोमीटर जावे लागते. पुणे त्याच्या दुपटीहून लांब. बार्शी सुमारे ३५ आणि पंढरपूर सुमारे ५० किलोमीटरवर.

या अंतराला वैद्यकीय अर्थ आहे. मेंदूतला रक्तस्राव एकदा होऊन थांबतोच असे नाही. १९९७ साली ब्रॉट आणि सहकाऱ्यांनी १०३ रुग्णांचे स्कॅन ठरावीक वेळाने पुन्हा काढले. त्यांतल्या २६ टक्के रुग्णांमध्ये पहिल्या स्कॅननंतर तासाभरातच रक्ताची गाठ ठळकपणे वाढली होती. पुढच्या १९ तासांत आणखी १२ टक्क्यांची भर पडली. म्हणजे रुग्ण गाडीत असतानाच त्याची अवस्था बदलत असते. निघताना तपासलेली बाहुली आणि पोचल्यावर तपासलेली बाहुली यांत फरक पडू शकतो, आणि तो फरकच सर्वांत मोलाची माहिती असतो.

महाराष्ट्रातले चित्र कळायला मुंबईचा एक अभ्यास उपयोगी आहे. डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईतल्या एका वॉर्डातल्या लोकवस्तीत मेंदूच्या झटक्यांची नोंद ठेवली. पहिलाच झटका आलेले ४५६ रुग्ण सापडले. सुमारे १८ टक्क्यांना रक्तस्राव झाला होता, बाकी बहुतेकांना रक्तवाहिनी तुंबल्याने झटका आला होता. २८ दिवसांच्या आत जवळजवळ ३० टक्के रुग्ण दगावले. या सर्व रुग्णांतल्या दर दहापैकी नऊ जणांचा सीटी स्कॅन झाला होता, कारण ती मुंबई होती. माढा तालुक्यात झटक्यानंतरच्या पहिल्या तासांत डॉक्टरच्या हाती बहुधा रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासायची पट्टी आणि टॉर्च एवढेच असते. त्यामुळे टॉर्चने काय कळते हा प्रश्न शहरापेक्षा इथे जास्त महत्त्वाचा आहे.

उजेडापासून स्नायूपर्यंत

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधले छिद्र. उजेड पडला की ती आकसते, अंधारात पसरते. या साध्या हालचालीमागे एक लांब वाट आहे. उजेड डोळ्यामागच्या पडद्यावर पडतो, तिथून दृष्टिचेतेतून संदेश मध्यमेंदूत जातो, मध्यमेंदू तो दोन्ही बाजूंच्या केंद्रांना वाटून देतो आणि मेंदूतून निघणारी तिसरी चेता बाहुली आकसणाऱ्या स्नायूला हुकूम देते. संदेश दोन्हीकडे वाटला जातो, म्हणून एका डोळ्यात टॉर्च मारला तरी दोन्ही बाहुल्या आकसतात.

कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्ताची गाठ वाढू लागली की मेंदूला बाजूला सरकावे लागते. दाब फार वाढला, तर कानशिलामागच्या भागाची आतली कड मेंदूच्या मोठ्या पडद्याच्या फटीतून खाली उतरते आणि तिथून जाणाऱ्या तिसऱ्या चेतेला दाबते. बाहुली आकसण्याचा हुकूम नेणारे तंतू या चेतेच्या बाहेरच्या अंगाला असतात, त्यामुळे चिमटीत प्रथम तेच सापडतात. मग त्या बाजूची बाहुली आधी मंद होते, कधी लंबगोल होते, शेवटी पसरून थिजते. दाब तसाच राहिला की दुसरी बाहुलीही त्याच मार्गाने जाते. एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश सर्जन जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ही खूण आजही ओळखली जाते.

यावरून या विषयातली मूळ गोष्ट लक्षात येते. रक्त किती सांडले ते बाहुली मोजत नाही. त्या रक्ताचा दाब मध्यमेंदूपर्यंत आणि तिसऱ्या चेतेपर्यंत पोचला का, एवढेच ती सांगते. म्हातारपणी मेंदू थोडा आकसलेला असतो, कवटीत मोकळी जागा जास्त असते. अशा माणसाच्या डोक्यात बरीच मोठी गाठ होऊनही बाहुल्या काही काळ चांगल्या चालतात. उलट मेंदूच्या देठात चमचाभर रक्त सांडले तरी बाहुल्या लगेच बिघडतात.

जागेप्रमाणे खूण बदलते

उच्च रक्तदाबामुळे होणारा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोल गाभ्यात होतो. तिथे सुरुवातीला एका अंगाची ताकद जाते, बोलणे जाते, तरी बाहुल्या ठीक असतात. त्या बिघडल्या तर गाठ मोठी झाली किंवा सूज वाढली असे समजावे. त्याच्या शेजारच्या थॅलॅमस नावाच्या भागातला रक्तस्राव खालच्या मध्यमेंदूला दाबू लागला, की डोळे नाकाच्या टोकाकडे पाहिल्यासारखे खाली वळतात आणि बारीक झालेल्या बाहुल्या उजेडाला दाद देत नाहीत.

मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागात रक्तस्राव झाला की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. बाहुली पसरवणारी वाट तुटते आणि आकसणारी शाबूत राहते, म्हणून असे होते. भिंगातून नीट पाहिले तर त्या उजेडाला किंचित आकसतात. साध्या टॉर्चखाली त्या थिजलेल्या वाटतात, आणि इथे डोळ्यांनी केलेली तपासणी हमखास फसते.

रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटून मेंदूभोवती रक्त पसरते तो प्रकार वेगळा. यातल्या एका जागच्या फुग्याला तिसरी चेता खेटून असते. माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, डोळ्यामागे जोराचे दुखते आहे, पापणी खाली आली आहे आणि त्याच बाजूची बाहुली मोठी झाली आहे, असे दिसले तर तो फुगा फुटण्याच्या बेतात असू शकतो. गाठीच्या दाबाने बिघडलेली बाहुली उशिराची खूण असते, इथे मात्र ती आगाऊ इशारा देते. असा रुग्ण चष्म्याच्या दुकानात किंवा डोळ्यांच्या शिबिरात जाता कामा नये. त्याला त्याच दिवशी मेंदूच्या डॉक्टरकडे न्यावे.

अपघातातल्या डोक्याच्या माराचे गणित आणखी घाईचे. पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीजवळ ऊस वाहणाऱ्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते. पडलेला माणूस उठतो, बोलतो, पाणी मागतो, आणि तासाभरात गुंगतो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यात रक्त साठत असते. या रक्तस्रावात बाहुली बिघडण्याआधी किंवा बिघडल्यावर लगेच गाठ काढली तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. ग्लासगोच्या साकास, बुलक आणि टीसडेल यांच्या चमूने बाहुली थिजल्यावर शस्त्रक्रिया झालेल्या ४० जखमींचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध केला. बाहुली थिजल्यानंतर तीन तासांहून अधिक उशीर झालेल्यांचे हाल वाईट होते, आणि आवरणाबाहेरच्या गाठीचे रुग्ण आवरणाखालच्या गाठीच्या रुग्णांपेक्षा बरे सुधारले. तेव्हा पसरलेली बाहुली पाहून हात टेकायचे नसतात. तिथून घड्याळ लावायचे असते.

मोजपट्ट्यांत बाहुलीची जागा

१९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र काढले. त्याआधी सर्जन पुष्कळदा पसरलेल्या बाहुलीची बाजू धरूनच कवटीला छिद्र पाडायचे. चित्र मिळू लागल्यावर बाहुलीचे ते काम संपले, पण दुसरे उरले. गाठ कुठे आहे ते स्कॅन सांगतो आणि मेंदू ती किती सोसतो आहे ते बाहुली सांगते.

१९७४ साली ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ग्लासगो कोमा स्केल मांडले. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे यांना ३ ते १५ गुण देणारी ही पट्टी आज तालुक्याच्या दवाखान्यातही वापरतात. तिच्यात बाहुली नव्हती. ती उणीव २०१८ साली टीसडेल यांच्याच सहभागाने भरून काढली गेली. आता ग्लासगोच्या गुणांतून बाहुलीचे गुण वजा करतात: दोन्ही चालत असल्या तर ०, एक थिजली तर १, दोन्ही थिजल्या तर २. ग्लासगो ६ आणि एक बाहुली थिजलेली, म्हणजे ५. ही जोडपट्टी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या नोंदींवरून तयार झाली आहे, म्हणून रक्तदाबाच्या रक्तस्रावाला ती तशीच लावताना सावध राहावे.

आपोआप झालेल्या रक्तस्रावासाठी हेम्फिल यांची २००१ सालची पट्टी सर्वांत प्रचलित आहे. तिच्यात शुद्धी, ३० मिलिलिटर किंवा अधिक रक्त, मेंदूच्या पोकळ्यांत उतरलेले रक्त, मेंदूच्या खालच्या भागातली जागा आणि ८० किंवा अधिक वय, एवढ्याच बाबी आहेत. बाहुलीला तिच्यात स्थान नाही. मेयो क्लिनिकच्या विडिक्स यांनी २००५ साली मांडलेल्या ‘फोर स्कोअर’मध्ये मात्र मेंदूच्या देठाच्या गुणांत बाहुलीही धरली जाते. नळी घातलेल्या, बोलू न शकणाऱ्या रुग्णासाठी ती पट्टी सोयीची पडते.

टॉर्चचा दोष

बाहुली पाहणे सोपे वाटते, पण दोन माणसांचे पाहणे जुळत नाही. टॉर्चचा उजेड मंद, वॉर्डातली ट्यूबलाइट प्रखर, बाहुली मुळातच दोन मिलिमीटरची, आणि आपल्याकडे बुबुळ गडद तपकिरी असल्याने बाहुलीची कड शोधावी लागते. ‘स्लगिश’ म्हणजे किती मंद, याला माप नाही. एका सिस्टरची ‘मंद’ बाहुली पुढच्या पाळीच्या डॉक्टरांना ‘ठीक’ वाटते.

यावर अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत ओल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दोन हजारांहून अधिक जोडतपासण्या ताडून पाहिल्या. तपासणाऱ्यांनी ‘थिजलेली’ म्हणून नोंदलेल्या बाहुल्यांपैकी यंत्राच्या मते जेमतेम एक तृतीयांश थिजलेल्या होत्या. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कूरे यांच्या अभ्यासात, दोन बाहुल्यांच्या आकारातला यंत्राने टिपलेला फरक नुसत्या डोळ्यांना निम्म्या वेळा दिसलाच नव्हता. हे अनुभवी आयसीयूंतले निष्कर्ष आहेत. रात्रीच्या धावपळीत, चालत्या गाडीत चूक याहून कमी होईल असे मानायला जागा नाही.

यंत्र काय करते

प्युपिलोमीटर हे हातात धरायचे यंत्र. डोळ्यासमोर धरले की ते ठरावीक तीव्रतेचा उजेड टाकते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी काही सेकंदांचे चित्रण करते. त्यामुळे गडद बुबुळाची अडचण राहत नाही. उजेडाआधीचा आकार, आकसल्यावरचा आकार, टक्केवारीतला फरक, आकसायला लागलेला विलंब, आकसण्याचा आणि पुन्हा पसरण्याचा वेग, हे सारे आकडे लगेच मिळतात. टेलर यांच्या २००३ सालच्या अभ्यासात ३१० निरोगी माणसांची बाहुली सरासरी ४.१ मिलिमीटरवरून २.७ मिलिमीटरवर आली होती, म्हणजे सुमारे ३४ टक्के आकसली होती.

कॅलिफोर्नियाच्या न्यूरऑप्टिक्स कंपनीने या सगळ्या आकड्यांचा मिळून ‘न्यूरॉलॉजिकल प्युपिल इंडेक्स’, थोडक्यात एनपीआय, काढला. तो ० ते ५ असतो. ३ किंवा अधिक म्हणजे ठीक, त्याखाली बिघाड, ० म्हणजे प्रतिसाद नाही. चेन आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात बिघडलेल्या रुग्णांचा एनपीआय कवटीतला दाब शिगेला पोचण्याच्या सरासरी १५.९ तास आधीच घसरू लागला होता. या एका आकड्याने यंत्राला आयसीयूत जागा मिळवून दिली. फ्रेंच बनावटीचे न्यूरोलाइट हे दुसरे यंत्रही वापरात आहे, पण एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी थेट ताडता येत नाही. एनपीआयचे सूत्रही कंपनीने खुले केलेले नाही.

रक्तस्रावाच्या तीव्रतेच्या दृष्टीने सर्वांत वजनदार पुरावा ‘ऑरेंज’ या अभ्यासाचा. ओड्डो आणि सहकाऱ्यांनी तो २०२३ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध केला. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतले ५१४ रुग्ण त्यात होते: २२४ डोक्याला मार लागलेले, १३९ फुगा फुटलेले, १५१ मेंदूत रक्तस्राव झालेले. पहिले सात दिवस दर चार तासांनी बाहुली मोजली, एकूण चाळीस हजारांवर नोंदी झाल्या. ज्यांचा एनपीआय वारंवार ३ च्या खाली राहिला त्यांची सहा महिन्यांनंतरची अवस्था वाईट होती, आणि आकडा शून्यावर गेलेल्यांत मृत्यू जास्त होते.

हा पुरावा भक्कम असला तरी त्याच्या मर्यादा वाचकाने जाणाव्यात. अभ्यासाला न्यूरऑप्टिक्सचाही पैसा होता. तो निरीक्षणाचा अभ्यास होता. यंत्र वापरून उपचार बदलले तर माणूस वाचतो का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. शिवाय पाश्चात्त्य आयसीयूंत लक्षणे वाईट दिसली की कुटुंबाशी बोलून जीवनाधार काढून घेतात. वाईट आकड्यामुळे उपचार थांबले आणि म्हणून मृत्यू झाला, असेही घडते, आणि मग आकडा स्वतःच स्वतःला खरा ठरवतो. सात दिवस दर चार तासांनी घेतलेल्या मोजमापांची ती सलग रेघ होती, हेही विसरू नये. प्रवेशाच्या वेळच्या एका आकड्याने भविष्य सांगता येते असा तिचा अर्थ नाही.

शेतशिवारातल्या फसव्या बाहुल्या

परदेशी अभ्यासांत क्वचित येणाऱ्या काही गोष्टी माढा, बार्शी, करमाळ्याच्या डॉक्टरांना नेहमी भेटतात. डाळिंब, द्राक्ष, भाजीपाल्यावर फवारणी करणारा माणूस शेतात बेशुद्ध सापडतो, बाहुल्या टाचणीएवढ्या असतात. हा पॉन्समधला रक्तस्राव आहे की ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा? तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर, कपड्यांना औषधाचा वास असेल तर विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी दगावले, तेव्हा हा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. त्याच विषबाधेवर ॲट्रोपीन दिले की बाहुल्या पसरतात, आणि पुढच्या दवाखान्यात चिठ्ठीविना पोचलेला रुग्ण मेंदूच्या गंभीर आजाराचा वाटू लागतो. धोतऱ्याचे बी पोटात गेले तरी बाहुल्या अशाच पसरतात.

सर्वांत मोठा धोका मण्यारीच्या दंशाचा. रात्री जमिनीवर झोपलेल्या ऊसतोड मजुराला मण्यार चावते, जखम दिसतही नाही. पहाटे पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे, श्वास मंद, आणि कधीकधी दोन्ही बाहुल्या पसरून थिजलेल्या. आत मेंदू शाबूत असतो, कधी माणूस सगळे ऐकतही असतो. प्रतिविष आणि काही दिवस व्हेंटिलेटर मिळाला तर तो चालत घरी जाऊ शकतो. घोणस चावल्यावर मात्र रक्त गोठण्याची क्रिया बिघडून मेंदूत खराच रक्तस्राव होऊ शकतो. सापाची शक्यता विचारल्याशिवाय या भागात बाहुलीवरून निदान करू नये.

याशिवाय रोजच्या गोष्टी आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काहींची बाहुली वेडीवाकडी राहते, गावात शिबिरांतून शस्त्रक्रिया झालेले वृद्ध पुष्कळ असतात. डोळ्याचा जुना मार, बाहुली पसरवणारे थेंब, दम्याच्या वाफेचे औषध मास्कच्या फटीतून एका डोळ्यात जाणे, या सगळ्यांनी बाहुली बिघडते. मॉर्फिन, फेंटॅनिलने ती बारीक होते. मधुमेहात आणि उतारवयात ती मुळात लहान असते. निरोगी माणसांतही सुमारे पाचातल्या एकाच्या दोन बाहुल्यांत थोडा फरक असतो. तो बहुधा मिलिमीटरपेक्षा कमी असतो आणि दोन्ही बाहुल्या उजेडाला झटकन दाद देतात.

म्हणूनच १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मेंदूमृत्यू ठरवताना नुसत्या थिजलेल्या बाहुल्या पुरत नाहीत. औषधे, विष, थंड पडलेले शरीर ही कारणे आधी वगळावी लागतात, मेंदूच्या देठाच्या इतर चाचण्या आणि श्वासाची चाचणी करावी लागते, आणि चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने त्या पुन्हा कराव्या लागतात. कायदा इतका सावध असताना व्हरांड्यातल्या निकालाची घाई कोणी करू नये.

यंत्र घ्यावे का?

प्युपिलोमीटरची किंमत लाखांत जाते, आणि प्रत्येक रुग्णासाठी लागणारे सुटे भाग वेगळे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी, जिथे सर्वोपचार रुग्णालयात जिल्ह्याभरातून बेशुद्ध रुग्ण येतात, तिथे एक यंत्र योग्य ठरेल. भूल दिलेला, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बोलत नाही, हलत नाही. अशा वेळी दर दोन-चार तासांनी घेतलेला आकडा पुन्हा स्कॅन केव्हा काढायचा, दाब उतरवणारे मॅनिटॉल किंवा तीव्र सलाइन केव्हा द्यायचे, सर्जनला केव्हा उठवायचे, हे ठरवायला मदत करतो.

कुर्डुवाडीच्या पातळीवर तोच पैसा यंत्रात घालणे चुकीचे होईल. इथे रुग्ण तासभर थांबतो आणि पुढे जातो. मोबाइल कॅमेऱ्याने बाहुली मोजण्याचे प्रयत्न सुरू आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१७ साली ‘प्युपिलस्क्रीन’ नावाची अशी पद्धत दाखवली. उद्या हे स्वस्तात होईलही. पण गडद बुबुळांवर, उन्हात, हलत्या गाडीत तपासून घेतल्याशिवाय अशा ॲपवर रुग्ण सोपवू नये.

इथे आजच करता येण्याजोगे काम बिनखर्चाचे आहे: नोंद. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली, आणि त्यांत डॉक्टर असतात. पहिला दवाखाना, रुग्णवाहिका आणि सोलापूरचा अपघात विभाग या तिन्ही ठिकाणी बाहुली पाहिली जाते. ती एकाच पद्धतीने, वेळेसह लिहिली गेली तर तीन तुटक निरीक्षणांची मिळून एक रेघ होते. रेफर चिठ्ठीवर ‘प्युपिल एनएडी’ (काही बिघाड नाही) किंवा ‘डायलेटेड’ एवढेच लिहिणे कमी पडते. उजवी किती मिलिमीटर, डावी किती, प्रत्येकीचा प्रतिसाद झटकन, मंद की नाही, ग्लासगोचे तीन वेगळे गुण, रक्तदाब, दिलेली औषधे, विशेषतः ॲट्रोपीन आणि झोपेची इंजेक्शने, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का, आणि घड्याळातली वेळ, हे एका ओळीत मावते. मिलिमीटरच्या गोलांची छापील पट्टी केसपेपरला टाचली की अंदाजही सुधारतो. दोन बाहुल्यांत नव्याने पडलेला फरक किंवा झटकन आकसणारी बाहुली मंद होणे, ही बातमी रुग्ण पोचण्याआधी फोनने पुढे गेली पाहिजे.

उपचारही बाहुलीची वाट पाहत नाही. २०२३ सालच्या ‘इंटरॅक्ट-३’ या चाचणीत भारतासह दहा देशांतले ७ हजारांहून अधिक रुग्ण होते. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणणे, साखर आणि ताप आवाक्यात ठेवणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणे, हे सगळे एकत्र आणि लवकर केल्याने रुग्णांची अवस्था सुधारली. या गोष्टींना महागडे यंत्र लागत नाही.

निष्कर्ष

बाहुलीचा प्रतिसाद रक्तस्रावाची तीव्रता सांगतो, पण शुद्धी, जागा, रक्ताचे प्रमाण आणि वय यांच्या जोडीनेच. यंत्राने घेतलेले माप टॉर्चपेक्षा खात्रीचे आहे आणि मोठ्या आयसीयूत त्याची जागा आहे. एकदा घेतलेले माप, मग ते यंत्राचे असो वा टॉर्चचे, निकाल देण्याइतके सबळ नाही. वेळेसह पुन्हा पुन्हा घेतलेले माप मात्र सर्जनचा हात हलवू शकते.

घरच्यांसाठी शेवटी एवढेच. अचानक भयंकर डोकेदुखी, उलटी, तोंड वाकडे होणे, एक अंग लुळे पडणे, शुद्ध हरपणे, यांतले काही दिसले तर मोबाइलच्या दिव्याने डोळे तपासत बसू नका. १०८ लावा आणि सीटी स्कॅन कुठे सुरू आहे ते विचारून थेट तिथेच न्या. स्कॅन होईपर्यंत ॲस्पिरिन देऊ नका, रक्तदाबाची गोळी जिभेखाली ठेवू नका, तोंडात पाणी घालू नका, बेशुद्ध माणसाला कुशीवर ठेवा. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. आणि ‘प्युपिल डायलेट झालेत’ असे कोणी सांगितले तर दोन प्रश्न जरूर विचारा: केव्हापासून, आणि दुसरे काही कारण वगळले आहे का?